अंमल

‘अंमलदार’ हे नाव चुकले आहे, असा अभिप्राय, ज्यांची सारी हयात मामलेदार कचेरीत गेली अशा धुळ्याच्या माझ्या एका स्नेह्यांनी परवा बोलता बोलता दिला, आणि तेव्हापासून तो माझ्या मनात सलत आहे. पु. ल. देशपांडे यांचे हे नाटक गोगोलच्या ‘रिव्हिझोर’वरून घेतले आहे, हे वाचकांस विदितच आहे. मूळ शब्दाचा अर्थ तपासनीस. आणि दप्तर पाहणारा तपासनीस निराळा, हुकूम सोडणारा अंमलदार निराळा, असे स्नेह्यांचे म्हणणे. हा भेद मलाही महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रथम मी त्यांच्याच बाजूचा होतो.

परंतु आपल्या खानदेशात हा भेद रयतेने कधी अनुभवला काय? १८१८ साली इंग्रजी राज्य आले, १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले; पण मामलेदार, फौजदार, कारकून, जमाबंदी हे शब्द कचेरीतून हलले नाहीत, आणि पोलीस ठाण्यात आजही ‘ठाणे अंमलदार’ बसतो. साहेबांचा मुक्काम पडला की ते काय पाहावयास आले आहेत, हे त्यांनाच विचारण्याची छाती कोणाची होती?

१८३६ साली पीटर्सबर्गला झार निकोलसच्या उपस्थितीत रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातील ख्लेस्ताकोव्ह हा चौदाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाचा कारकून. तो खानावळीचे पैसे देत नाही आणि गावही सोडत नाही, एवढ्यावरून गाव त्याला मोठा अधिकारी ठरवते. न्यायाधीश आणि पोस्टमास्तर उसने म्हणून पैसे देतात, पण नेमणुकीचा हुकूम कोणीच मागत नाही. मद्य चढल्यावर तो थापा मारू लागतो, तेव्हा तर सारे चळचळा कापतात. येथे मला आपला शब्द आठवला. मराठीत अंमल म्हणजे सत्ता, आणि अंमल म्हणजे नशाही. त्या पोरावर मद्याचा अंमल होता, गावावर भयाचा. आणि हे दोन्ही अर्थ रशियन शब्दात नाहीत, ते मराठी नावात आहेत. स्नेह्यांची व्याख्या कचेरीपुरती बिनचूक आहे. नाटकाचे नाव मात्र, आता माझी खात्री झाली आहे, तेच योग्य.

अखेरीस खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि पडदा पडतो. त्याने गाव सुधारले, असे गोगोल कोठेही सांगत नाही. म्हणून वाचकहो, त्याची वाट पाहत बसू नका. दारी आलेल्या माणसाला बसावयास पाट द्या, पाणी द्या, आणि त्याचा हुकूम पाहावयास मागा.