लाँगयिअरब्येनचा हिशेब

परदेशी स्थायिक व्हायचं म्हटलं की आपल्याला आधी व्हिसाची धास्ती. आर्क्टिकमधल्या, नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार बेटांवर राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. १९२० च्या ज्या करारामुळे हे शक्य झालं, त्यात भारतही आहे. (विमानं नॉर्वेहून जातात, त्यामुळे वाटेतला शेंगेन व्हिसा काही चुकत नाही.)

तिथलं मुख्य गाव लाँगयिअरब्येन. एका अमेरिकी कंपनीने १९०६ मध्ये कोळशासाठी वसवलेलं. कोळसा वाहणाऱ्या रोपवेचे लाकडी मनोरे डोंगरउतारांवर अजून उभे आहेत. कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून खाणकामगार दारातच बूट काढत. आजही तिथल्या कित्येक हॉटेलांत पाहुणे नुसत्या मोज्यांवर वावरतात. शेवटची, सात नंबरची खाण २०२५ मध्ये बंद झाली. सुमारे अडीच हजारांच्या या वस्तीत आता थाई आणि फिलिपिनो माणसं सफाई करतात, स्वयंपाकघरं आणि दुकानं सांभाळतात.

कर कमी, गुन्हे नगण्य. ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. गावाबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलांमुळे लोक बंदूक जवळ बाळगतात. पण काळोख आणि थंडी माणूस सोसतो. मला जड वाटते ती दुसरीच गोष्ट.

घर बहुधा नोकरीसोबत मिळतं. नोकरी गेली की घरही जातं. स्वतःचा खर्च भागवता आला नाही, तर बेटं सोडावी लागतात. बाळंतपणासाठी महिलांना आधीच नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पाठवतात. वृद्धांची देखभाल करणारी व्यवस्था नाही. थोडक्यात, खाणमालकाने मजुराशी केलेला करार खाण बंद झाली तरी चालूच आहे: हात चालताहेत तोवर राहा.

तिथे काढलेली वर्षं नॉर्वेच्या नागरिकत्वासाठी मोजली जात नाहीत. २०२२ पासून तर, आधी तीन वर्षं मुख्य भूमीवर राहिल्याशिवाय परदेशी रहिवाशाला गावच्या निवडणुकीत मतही देता येत नाही. शेजारी बारेंट्सबुर्गला रशियन खाणवस्ती आहे, त्यामुळे नॉर्वेला आपला अंमल पक्का हवा, हे समजू शकतं. तरीही ज्यांच्या कष्टांवर गाव चालतं, त्यांनाच पाण्या-रस्त्यांच्या निर्णयातून बाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

एकट्या तरुणाने विचारलं, तर मी म्हणेन, जा. चार पैसे गाठीला बांध, तो विलक्षण प्रदेश बघ. मूल असलेल्या जोडप्याला मात्र थांबवून बोलेन. ते मूल नॉर्वेजियन शाळेत शिकेल, बर्फातच मोठं होईल, त्याचे सवंगडी तिथलेच असतील. आईबापांची नोकरी संपली की त्याला तेच गाव सोडावं लागेल, आणि त्याचं म्हणणं कुणी विचारणार नाही.