तिने न वाचलेला अर्ज

परदेशातला मुलगा ठरला की पुण्यातल्या कितीतरी घरांत लग्नाच्या दोन तारखा निघतात. मुलाची सुट्टी दोन आठवड्यांची, मनासारखं कार्यालय मिळणार डिसेंबरात, आणि व्हिसाची कागदपत्रं तर आत्ताच हलायला हवीत. मग जूनमध्ये नोंदणी उरकून घेतात. मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत हे सगळं सहा महिन्यांनी. मुलगी तोवर माहेरीच. कोणी विचारलं तर घरचे सांगतात, "रजिस्टर झालंय, लग्न डिसेंबरात आहे." सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

पण मधल्या ऑगस्टमध्ये ती मुलगी कंपनीच्या कामासाठी, किंवा बहिणीच्या बाळंतपणासाठी, अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज करते. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'अविवाहित' भरलं जातं. घरच्यांच्या लेखी ते खरंच असतं. वर्षभराने ती नवऱ्याकडे जायला अर्ज करते, तेव्हा मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात: लग्नाचा दाखला जूनचा आणि 'अविवाहित' ऑगस्टचं. नकाराच्या कागदावर कलम २१२ (ए)(६)(सी)(आय) येतं, म्हणजे व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली. अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यातली ही बंदी मुदतीची नाही, आयुष्यभराची आहे. कॅनडात अशा ठपक्यानंतर पाच वर्षं दार बंद होतं. नोव्हेंबर २०१४ आधी ती दोन होती. ब्रिटनमध्ये फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत.

या दोन तारखांची प्रथा किती रुळली आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्याही नजरेला आलं. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी एप्रिल २०२४ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. वेळ वाचावा, व्हिसाचा अर्ज लवकर करता यावा म्हणून आईवडील आधी नोंदणी करून घ्यायला संमती देतात, याचा उल्लेख करून न्यायालयाने ही पद्धत निषेधार्ह ठरवली. पुण्यातल्या वरपक्षाने आणि वधूपक्षाने हा निकाल नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण नकार आल्यावर बहुतेक घरं ज्या उत्तराकडे धावतात त्याची पंचाईत या निकालात आहे.

ते उत्तर असं असतं: "जूनमध्ये नुसती नोंदणी होती हो, लग्न झालंच नव्हतं." शिवाजीनगर कोर्टाबाहेर तसं प्रतिज्ञापत्र तासाभरात टाइप होऊन, नोटरीचा शिक्का बसून मिळतं. पण जरा थांबून पाहावं. महाराष्ट्राच्या विवाह नोंदणीच्या १९९८च्या कायद्याखाली महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जो विवाहाचा अर्ज दिला, त्यावर लग्न अमुक दिवशी, अमुक ठिकाणी लागलं असं लिहिलेलं असतं. खाली वधूवरांच्या, साक्षीदारांच्या आणि भटजींच्या सह्या असतात. जूनमध्ये काहीच विधी झाला नव्हता असं आज म्हटलं, तर वकिलातीपुढचं 'अविवाहित' कदाचित सुटेल. पण मग महापालिकेला दिलेली माहिती खोटी ठरते, आणि ज्या दाखल्यावर नवऱ्याकडे जायचा अर्ज उभा आहे तोच कोसळतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर झालं असेल तर प्रश्नच मिटला. तिथे सही झाली त्या क्षणी लग्न पूर्ण झालं, डिसेंबरचा सोहळा हा सोहळाच. म्हणजे कुठल्याही वाटेने गेलं तरी एका कागदावर चुकीचं लिहिलं गेलं आहे. कोणत्या, हे आधी घरातल्या घरात प्रामाणिकपणे ठरवायला हवं. ते न करता बनवलेलं दुसरं प्रतिज्ञापत्र पहिल्या ठपक्यापेक्षा जास्त घातक ठरतं.

मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. खोटेपणाचा शिक्का जिच्या पासपोर्टावर, जिच्या नावावर बसतो, तिने तो अर्ज बहुधा वाचलेलाही नसतो. कागदपत्रं काका बघतात, किंवा सासरे, किंवा एजंट. तिला विचारतात ते पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात शेवटाकडे एक प्रश्न आहे: हा अर्ज भरायला तुम्हाला कोणी मदत केली का? अर्ज दुसऱ्याने भरला तरी चालतो, पण मग तसं सांगायचं असतं, आणि 'सही करून सादर करा' हे बटण अर्जदारानेच दाबायचं असतं. कितीतरी एजंट तिथे 'नाही' निवडतात आणि बटणही स्वतःच दाबतात. आपल्या घरातल्या शिकलेल्या, चांगल्या पगाराची नोकरी करणाऱ्या मुलीच्या आयुष्याचा निर्णय ज्यावर होणार, तो कागद तिला न दाखवता पाठवण्याची ही सवय मी अन्याय मानतो. आणि 'एजंटने केलं' हा बचाव तिला सहसा तारत नाही. अमेरिकेत एजंटने काय लिहिलं आहे याची तिला कल्पना होती असं ठरलं, तर ते तिचंच विधान होतं. कॅनडाच्या कायद्यात तर 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' असे शब्दच आहेत. २०२३ मध्ये पंजाबातल्या विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रं उघडकीला आली, तेव्हा खरोखर फसलेल्यांना वेगळं काढण्यासाठी कॅनडा सरकारला खास व्यवस्था करावी लागली. तीही मोठी ओरड झाल्यानंतर.

दोन तारखांबद्दल निदान उघड बोललं तरी जातं. मोडलेल्या लग्नाचं तसं नाही. पहिलं लग्न चार महिन्यांत विस्कटलं, कौटुंबिक न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं, आणि घराने ठरवलं की ही गोष्ट झालीच नाही. बायोडेटात नाही, नातेवाइकांत नाही. मग 'यापूर्वी किती वेळा विवाह झाला' या प्रश्नापुढेही शून्य. मुलीची बदनामी होऊ नये या काळजीतून हे घडतं, ती काळजी मला कळते. ज्या समाजात घटस्फोटितेच्या स्थळाला अजून वेगळ्या रांगेत उभं करतात, तिथे आईवडिलांनी लपवावं यात नवल नाही. पण परक्या सरकारला त्या रकान्यात हवी असते फक्त हुकूमनाम्याची प्रत, आणि ती असली की त्या जुन्या लग्नामुळे व्हिसा अडत नाही. लपवल्यामुळे अडतो.

लग्नात बदललेली नावं, वडिलांच्या जागी आलेलं नवऱ्याचं नाव, शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टावर दुसरं आडनाव, यांमुळे प्रश्न येतात, पण ते सहसा कागद दाखवून सुटतात. 'यापूर्वीची नावं' या रकान्यात सगळी नावं लिहावीत, एवढं पुरे.

सरकारांच्या बाजूनेही मी समाधानी नाही. कायद्यात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे, 'महत्त्वाची बाब' ही अट आहे. नजरचूक किंवा प्रामाणिक गैरसमज यांना ठपका लागू नये अशी त्यामागची कल्पना. खिडकीपाशी मात्र काही मिनिटांत हा फरक ठरतो, आणि तो ठरवणाऱ्याला आपल्याकडचं जून-डिसेंबरचं गणित माहीत असेलच असं नाही. पुढे दाद कुठे मागायची? अमेरिकन नागरिकालासुद्धा आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात ठरवलं. ते प्रकरण खोट्या माहितीचं नव्हतं, पण परिणाम सगळ्यांवर होतो: वकिलातीचा निर्णय न्यायालयात तपासून घेण्याची वाट जवळजवळ बुजली. कॅनडाची पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. तिथे ठपका ठेवण्याआधी पत्र पाठवून खुलासा मागतात, अधिकाऱ्याच्या नोंदी माहितीच्या कायद्याखाली मागवता येतात, आणि तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला अपील करता येतं. नवराबायकोला वेगळं ठेवणाऱ्या निर्णयाला एवढा आधार तरी असायलाच हवा.

म्हणून नकार हाती आला की आधी कलम वाचावं. २२१ (जी) म्हणजे कागद अपुरे किंवा तपासणी बाकी; तो खोटेपणाचा ठपका नव्हे. पण पुण्यात दोन्हींना 'रिजेक्ट झालं' एवढंच म्हणतात आणि घाबरून महिन्याभरात नवा अर्ज टाकतात. ठपकाच असेल तर घाईचा उपयोग नाही. आपण होऊन, कोणी पकडण्याआधी चूक दुरुस्त केली तर ती धरू नये असा नियम अमेरिकेच्या पद्धतीत जुना आहे. दिलेल्या अर्जात चूक गेल्याचं ज्यांना माहीत आहे आणि त्याच अर्जाची मुलाखत अजून व्हायची आहे, त्यांनी तो वापरावा. खिडकीत अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवल्यानंतर ती संधी जाते.

ठपका बसल्यावर उरते ती सूट. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर आय-६०१ अर्जात त्याला, किंवा तिच्या तिथल्या नागरिक वा ग्रीन कार्डधारक आईवडिलांना, कमालीचा त्रास होईल हे दाखवावं लागतं. पुण्यात सासरमाहेरच्या मध्ये, नोकरीचा राजीनामा देऊन बसलेल्या तिला स्वतःला किती त्रास होतो, हे त्या कायद्यात मोजलंच जात नाही. नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर असेल आणि ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करत असेल, जे आपल्याकडे जास्त दिसतं, तर कलम २१२ (डी)(३) ची वेगळी सूट आहे. तिथे नातेवाइकाच्या त्रासाची अट नाही, पण शिफारस त्याच वकिलातीतल्या अधिकाऱ्याने करायची असते, आणि त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं असतं तिलाच. त्यासाठी लागणारं निवेदन तिने स्वतः लिहावं, मराठीत लिहून मग भाषांतर करून घेतलं तरी चालेल: नोंदणी कोणत्या दिवशी झाली, त्या दिवशी विधी झाले की नाही, ऑगस्टचा अर्ज कोणी भरला, तो तिला दाखवला होता का, आणि 'अविवाहित' हे उत्तर दिलं गेल्याचं तिला केव्हा कळलं.