पोवळ्याचे घर आणि आपले घर



जळगावच्या सराफ बाजारात पोवळे म्हटले की अंगठीतला लाल खडा डोळ्यांसमोर येतो. त्याचेच दूरचे भावंड म्हणजे समुद्रातले दगडी प्रवाळ. घरात माशांची काचपेटी आली की पुढचा प्रश्न येतोच, "फादर, तिच्यात जिवंत प्रवाळ ठेवता येईल का?"

प्रवाळ हा दगड नाही, ती इवल्या जीवांची वसाहत आहे. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन ते आपले घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. पेटीत हे जगवायचे तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५-२६ अंशांचे पाणी, प्रखर दिवा आणि सतत वाहता प्रवाह हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. अशा दुपारी वीज काही तास गेली तरी सारे संपले!

शिवाय कायदा आहे. २००१ सालापासून दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे व विकणे गुन्हा आहे. आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला, त्याच वर्षी मालवणचे सागरी अभयारण्यही जाहीर झाले. तिथे प्रवाळ आपल्या जागी जगते आहे.

संत थॉमस अक्विनास शिकवतात की देवाचा चांगुलपणा एका प्राण्यातून पुरता प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. एदेन बाग देवाने माणसाला राखण्यासाठी दिली. जे राखायचे, ते सारेच आपल्या घरात आणायचे नसते. प्रेम आणि मालकी यांत हाच फरक आहे.

पण प्रवाळाकडून घरी नेण्यासारखे एक आहे, ती त्याची शिकवण. समुद्राचे पाणी एक-दोन अंशांनी तापून तसेच राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकते. जे त्याला खाऊ घालते, तेच! मग ते पांढरे पडते, उपाशी राहते. २०२४ च्या मे महिन्यात लक्षद्वीपच्या बेटांभोवती हेच घडले.

आपल्या घरांतही ताप चढतो. कापसाचा भाव पडतो, कर्जाचा हप्ता थकतो, वाटणीचा वाद पेटतो. मग आपण कोणाला बाहेर काढतो? ज्या बापाने शेत राखले त्याला, जी सून पहाटेपासून राबते तिला, जो भाऊ अडचणीला धावला त्याला. बाहेरून घर उभे दिसते. आतून पांढरे पडलेले असते.

तरीही आशा आहे. ताप वेळेत उतरला तर शैवाल परतते आणि प्रवाळ पुन्हा रंग धरते. उधळ्या पुत्राच्या पित्याने वाटेकडे डोळे लावले होते, उशीर होऊ दिला नाही. या आठवड्यात, पुढच्या रविवारच्या मिस्साआधी, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी जा. पहिला शब्द तुमचा असू द्या.

प्रभू आपल्या घरांना शांती देवो. आमेन.

— तुमचे धर्मगुरू