उंदराचे ऋण

घरात उंदीर झाले की रात्री पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवावा, सकाळी तो पिंजरा पाण्याच्या पिंपात बुडवावा आणि हात धुऊन न्याहारीस बसावे, यात आमच्या बालपणी कोणालाच काही गैर वाटत नसे. कणगीतल्या भाताचे रक्षण करणे हे घरच्यांचे कर्तव्यच होते. त्या उंदराच्या मरणाचा आम्ही कधी विचार केला नाही. पुढे आमच्या एका पुतणीला बालवयातच फेफऱ्याचे झटके येऊ लागले. तिच्या आजाराविषयी जे हाती लागेल ते आम्ही वाचू लागलो आणि तेथे आमची गाठ पुन्हा उंदराशी पडली. या वेळी तो धान्य कुरतडणारा चोर नव्हता. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे: ज्याच्या मरणाने आपले भले होते, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

आपण कॅल्शियमला ओळखतो ते हाडे आणि दात यांच्यापुरते. पण मेंदूतील चेतापेशींचा सारा व्यवहारही त्याच्याच आधाराने चालतो. पेशीबाहेर जितके मुक्त कॅल्शियम असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा अंशच पेशीच्या आत असतो. संदेश आला की पेशीच्या आवरणातील दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी पुढच्या पेशीला निरोप धाडते. आत आलेले हे कॅल्शियम वेळीच आवरले नाही, तर पेशीचीच हानी होते. त्याला धरून ठेवणारी काही प्रथिने निसर्गाने निर्माण केली आहेत. त्यांतील कॅल्बिंडिन १९६६ साली कोंबडीच्या पिलांच्या आतड्यात आढळले. पार्व्हाल्ब्युमिन प्रथम मासे आणि बेडूक यांच्या स्नायूंत ओळखले गेले. कॅल्रेटिनिनचा शोध १९८७ साली कोंबडीच्या दृष्टिपटलाच्या अभ्यासातून लागला.

ही प्रथिने मेंदूतील सर्वच पेशींत सारखी नसतात. कोणत्या पेशीत कोणते प्रथिन आहे हे कळले, तर दारावरच्या पाटीवरून घरमालक ओळखावा तशी पेशी ओळखता येते. स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले संशोधक मार्को चेलिओ यांनी १९९० साली शंभर पृष्ठांचा एक प्रबंध प्रसिद्ध केला. पांढऱ्या उंदराच्या चेतासंस्थेत कॅल्बिंडिन आणि पार्व्हाल्ब्युमिन कोठे कोठे आहेत, याचा तो नकाशाच होता. अशा कामाची रीत साधारणतः अशी: उंदराला गुंगीचे औषध द्यायचे, त्याच्या हृदयावाटे रक्ताच्या जागी ऊती टिकवणारा द्रव खेळवायचा, मेंदू काढून त्याचे केसाहून बारीक काप करायचे, आणि त्या प्रथिनालाच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे त्यांवर सोडून पेशी रंगवायच्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी तपकिरी रंगात उमटते.

अशा नकाशांतून पुष्कळ कळले. अनुमस्तिष्कातील मोठ्या पुरकिन्ये पेशींत ही दोन्ही प्रथिने असतात. प्रमस्तिष्काच्या बाह्य थरात पार्व्हाल्ब्युमिन आढळते ते मुख्यतः शेजारच्या पेशींना थोपवून धरणाऱ्या पेशींत. मेंदूत बोलणाऱ्या पेशी आहेत, तशा इतरांना गप्प बसवणाऱ्याही आहेत. हा संयम सुटला आणि असंख्य पेशी एकदम बोलू लागल्या की झटका येतो. पार्व्हाल्ब्युमिनचे जनुक निकामी केलेल्या उंदरांना झटके आणणारे द्रव्य दिले, तर ते झटके अधिक तीव्र असतात, असे २००४ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. या नकाशाने आमची पुतणी बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही. नकाशा वाट दाखवतो, चालायचे पुढेच असते. पण तिच्या मेंदूत काय घडते याची पहिली अंधुक समज आम्हांला दिली ती त्या उंदरांनी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. सतराव्या शतकातील तत्त्वज्ञ देकार्त यांनी प्राण्यांच्या शरीराला यंत्राची उपमा दिली आणि त्यांच्या अनुयायांनी पशूंच्या वेदना मनावर घेतल्या नाहीत. यंत्राचे ऋण कोणी मानत नाही. दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे: प्राणी आणि मनुष्य यांत भेद नाही, म्हणून असे सारे प्रयोग पापच होत.

आम्हांला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. लहान उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी असतात, प्रयोगशाळेतील मोठ्या उंदराच्या मेंदूत सुमारे २० कोटी, तर मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. अंतर प्रचंड आहे. पण तीच तीन प्रथिने आपल्याही मेंदूत आहेत. उंदीर आपल्याहून सर्वस्वी वेगळा असता, तर त्याचा मेंदू कापून आपल्याविषयी काहीच कळले नसते. तो आपल्याजवळचा आहे म्हणूनच तो उपयोगी पडतो. आणि तो आपल्याजवळचा आहे म्हणूनच त्याला मारणे ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही. प्रयोगाचे समर्थन आणि प्रयोगाचे ओझे, दोन्ही त्याच एका नात्यातून येतात. यांतले एक घेऊन दुसरे नाकारणे हा अप्रामाणिकपणा होय.

दुसऱ्या टोकाच्या उत्तराला आमचा प्रश्न एवढाच: झटक्याने तोंडाला फेस आलेल्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला तुम्ही काय सांगाल? फेनिटॉइन हे औषध झटके थोपवते, हे १९३०च्या दशकात मांजरांवरील प्रयोगांतूनच उमगले होते.

ज्या स्वित्झर्लंडमध्ये चेलिओ यांनी काम केले, त्या देशाने १९९२ साली लोकमताने आपल्या राज्यघटनेत प्राणिमात्राच्या प्रतिष्ठेचा उल्लेख घातला. त्याच देशात २०२२ साली प्राण्यांवरील प्रयोगांना संपूर्ण बंदी घालण्याचा प्रस्ताव सुमारे ७९ टक्के मतदारांनी फेटाळला. यात आम्हांला विसंगती दिसत नाही. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाची भूमिकाही अशीच आहे: मानवी जीव वाचवण्यास साहाय्य करणारे प्रयोग वाजवी मर्यादेत ग्राह्य आहेत, पण प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही.

येथे निकोलस स्टेनो यांचे स्मरण होते. या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने १६६५ साली पॅरिसमध्ये मेंदूवर व्याख्यान देताना आपल्या अज्ञानाची मोकळी कबुली दिली होती. १६६७ साली ते कॅथोलिक झाले, १६७७ साली महागुरू झाले आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. तरुणपणी जिवंत कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यांना यातना देणे आपल्याला किती असह्य होते, हे त्यांनी आपल्या गुरूला पत्रातून कळवले होते. तेव्हा त्यांनी काम सोडले नाही. पण मन बधिरही होऊ दिले नाही.

प्रयोगशाळांच्या इंग्रजी अहवालांत प्राण्याला मारले असे न लिहिता त्याचे बलिदान केले असे लिहिण्याची प्रथा पडली. हा शब्द आम्हांला खटकतो. बलिदान करणारा स्वतःचे देतो. उंदराने काही दिलेले नाही, त्याच्याकडून ते घेतले गेले आहे. जो दुसऱ्याचे घेतो तो दाता ठरत नाही, ऋणी ठरतो.

ऋण मानले की वागणेही बदलावे लागते. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन नियम सुचवले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या यातना घटवाव्यात. निष्काळजीपणे केलेला, किंवा फसला म्हणून दडवून ठेवलेला प्रयोग म्हणजे वाया घालवलेले मरण. उलट, सिॲटलच्या ॲलन संस्थेने २००६ साली पूर्ण केलेला उंदराच्या मेंदूचा जनुक-नकाशा सर्वांसाठी खुला ठेवला. असा नकाशा कोणालाही पाहता आला, की तेच काम पुन्हा करून आणखी उंदीर मारण्याचे कारण उरत नाही.

आणि आपण, जे प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकणार नाही? आमच्या घरातील चूक येथे सांगणे भाग आहे. सहा महिने झटका आला नाही म्हणून, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील या धास्तीने, आम्ही वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता तिच्या गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात ती शाळेच्या पायरीवर कोसळली. कपाळावरची खूण अजून आहे. इतक्या जिवांच्या मोलाने आलेले औषध आम्ही लाजेपोटी कपाटात ठेवले होते. त्या मुलीचा तर तो अपराध होताच; ज्यांच्याकडून ते ज्ञान घेतले गेले, त्यांचाही होता असे आता वाटते.

पुतणी आता मोठी झाली आहे आणि गोळी चुकवत नाही. हे सारे तिला समजावून सांगितले तेव्हा तिने विचारले, "काका, मग आपल्या घरच्या उंदरांचे काय?" पिंजरा आम्ही आजही लावतो, कारण धान्य राखावेच लागते. पाण्याचे पिंप मात्र बंद केले आहे. सापडलेला उंदीर लांब माळावर नेऊन सोडतो. ऋण याने फिटत नाही हे आम्ही जाणतो. पण पिंजरा उचलताना आता आत कोण आहे, हे आम्ही पाहतो.