परसातली भाजी आणि आपली जीभ



शरीराला काय हितकर आहे हे ठाऊक नसते म्हणून मनुष्य चुकीचे खातो काय? माझा अनुभव निराळा आहे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला मधुमेह असल्याचे सांगितले. भात कमी करा, पालेभाजी व डाळ वाढवा, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. तो कागद मी पवित्र शास्त्रात जपून ठेवला आणि संध्याकाळी चहाबरोबर फरसाणाची पुडी सोडली! कळत होते, पण वळत नव्हते. चांगले कोणते हे समजूनही ते हातून घडत नाही, ही व्यथा पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात मांडली आहे. तीच व्यथा मी रोज माझ्या ताटात पाहत होतो.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी माझ्या पत्नीने परसात अंबाडी व चवळी पेरली आणि कुंपणालगत दोडक्याचे वेल लावले. निंदणीचे व मांडव घालण्याचे काम माझ्याकडे आले. दोडका मला लहानपणापासून आवडत नसे. परंतु स्वतः मांडव घातलेल्या वेलीचा पहिला दोडका ताटात आला, तेव्हा तो बाजूला सारण्याचे धैर्य मला झाले नाही. शाळेच्या बागेत मुलांनी स्वतः वाढवलेली भाजी ती अधिक आनंदाने चाखून पाहतात, असे अनेक देशांत दिसून आले आहे. या बाबतीत आपण मोठी माणसेही मुलांसारखीच आहोत.

असे का व्हावे? बाजार आपल्या वासनेला विचारतो, "तुला काय हवे?" आणि ते तत्काळ हाती देतो. बाग मात्र वाट पाहायला लावते आणि ऋतू जे देईल ते घ्यायला शिकवते. जिच्यासाठी घाम गाळला, ती भाजी वाया घालवताना मन कचरते. उपदेशाने जी जीभ वळली नाही, ती हाताच्या श्रमाने थोडी वळते.

पण येथे एक प्रश्न उभा राहतो. आमच्या बालाघाट जिल्ह्यात पिकवणारे हात थोडे नाहीत. वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकते. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बैहरच्या पठारावर बैगा व गोंड बांधव पिढ्यान्‌पिढ्या कोदो-कुटकी पेरत आले आहेत. तरीही कित्येक घरी चांगली भाजी आठवडी बाजारात जाते आणि त्याच पैशांतून मुलांसाठी बिस्किटांची पाकिटे घरी येतात. याला रोख पैशाची गरज कारण आहेच, पण लाज हेही एक कारण आहे. कोदो म्हणजे गरिबाचे अन्न, तरोट्याची भाजी म्हणजे नाइलाजाची भाजी, असे आपण मानत आलो. मीही मानत आलो. म्हणून नुसते पिकवणे पुरेसे नाही. आपण पिकवलेल्याविषयी मनात आदरही हवा.

तो आदर दिंडोरी जिल्ह्यातील बैगा भगिनी लहरीबाई यांच्या ठायी दिसतो. त्यांनी आपल्या मातीच्या घरात भरड धान्यांची दीडशेहून अधिक प्रकारची बियाणी जपली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा जगाला त्यांचे मोल कळले. लहरीबाईंना ते आधीच कळले होते.

दानीएलाने राजाच्या पंक्तीचे पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकान्न मागितले. त्या वृत्तांताचा मुख्य विषय देवाशी निष्ठा हा आहे, आहारशास्त्र नव्हे, हे मी जाणतो. तथापि तेथील मूळ इब्री शब्द बीजाशी नाते सांगणारा आहे. पेरलेल्यातून उगवलेले, असा त्याचा भाव. राजाच्या ताटावरून आपली प्रतिष्ठा ठरत नाही, हे त्या तरुणांना उमगले होते.

ज्यांना वीतभरही जमीन नाही, त्यांचे काय? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने फुटक्या बादलीत मेथी-कोथिंबीर लावावी. पण एवढ्याने कुटुंबाचे पोट भरत नाही, हेही खरे. म्हणून ज्याला परस आहे, त्याच्यावर ऋण आहे. गेल्या हिवाळ्यात शेजारची लहान मुलगी कुंपणातून हात घालून आमचे टोमॅटो तोडताना दिसली. मी तिला रागावलो. रात्री मला लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आज्ञा आठवली : शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावे. माझे कुंपणही शेताची कडच होती! ज्या बागेने माझी जीभ थोडी सुधारली, तिनेच माझी मूठ किती घट्ट आहे हेही मला दाखवले.

माझा मधुमेह गेलेला नाही आणि औषधही चालू आहे. पण ताट पालटले आहे, आणि आता कुंपणाजवळची एक ओळ आम्ही शेजाऱ्यांसाठी लावतो. वाचकहो, येत्या मृगात आपणही एक ओळ आपल्यासाठी व एक ओळ शेजाऱ्यासाठी लावाल काय?