साक्ष आणि संख्या

कोरोनाची साथ ऐन भरात असता 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून 22 रुग्ण गतप्राण झाले, आणि त्याच दिवशी राज्य शासनाचा जो हुकूम निघाला त्यात विवाहसमारंभ एकाच सभागृहात, दोन तासांच्या आत, फार तर 25 माणसांच्या उपस्थितीत उरकावा, कसूर करणाऱ्यास 50,000 रुपये दंड होईल, अशी तजवीज होती. ज्या घरी त्या वैशाखात मुहूर्त धरलेला होता, त्या घरापुढे खरा प्रश्न दंडाचा नव्हता. शेजारच्या गल्लीतून शववाहिका जात असता आपल्या दारी तोरण बांधणे धर्म्य आहे काय, हा होता.

मृत्यूची आणि मंगलकार्याची गाठ पडणे आपल्या धर्मशास्त्राला अपरिचित नाही. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू आणि काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू या दोन्ही ग्रंथांनी या प्रसंगाचा विचार केला आहे, आणि नांदीश्राद्ध होऊन कार्यास प्रारंभ झाला असेल तर मागाहून आलेले अशौच त्या कार्यास बाधत नाही, असा निर्णय परंपरेने मानला आहे. मला या निर्णयात मोठी करुणा दिसते. कारण दोन कुळांनी एकमेकांच्या शब्दावर जे आरंभिले, त्याला शोकानेही मध्येच मोडू नये, असा त्याचा आशय आहे. तथापि हा निर्णय साथीच्या काळास जसाच्या तसा लावता येत नाही. सुतकात शोक आधी घडून गेलेला असतो; साथीत मात्र मांडवच नव्या शोकाचे कारण होऊ शकतो. म्हणून येथे शांतिपर्वातील आपद्धर्माकडे वळावे लागते, जेथे शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला संकटकाळातील कर्तव्याचा विचार सांगतात.

विवाह सिद्ध होण्यास माणसे किती लागतात? आश्वलायन गृह्यसूत्रात पाणिग्रहण आहे, लाजाहोम आहे, अश्मारोहण आहे, सप्तपदी आहे. पाहुण्यांची संख्या नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदाही, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण मानतो. परंतु एवढ्यावरून जमलेला समाज ही केवळ हौस होती असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. अंतरपाट दूर होताना चहूकडून पडणाऱ्या अक्षता म्हणजे या दोघांच्या संसाराला आमचा आधार आहे, अशी समाजाची कबुली असते. 25 डिसेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने जो पहिला सत्यशोधक विवाह झाला, त्यात भटजी वर्ज्य होता. दहा लोकांसमक्ष शब्द देणे वर्ज्य नव्हते.

म्हणून माझ्या मते खरी कसोटी लागते ती यादी करताना. रुसतील त्यांची नावे आधी आणि संकटात धावून येतील त्यांची मागून, असा आपला जुना रिवाज आहे. 25 च्या यादीत तो टिकत नाही. आणि मंत्र सांगणारे गुरुजी, चुलीपाशी घाम गाळणारे आचारी, वाजंत्री, मांडववाले यांची गणना पाहुण्यांत होवो वा न होवो, यजमानाच्या काळजीत ती झालीच पाहिजे. त्यांच्याही घरी म्हातारी माणसे आहेत. मळ्यात आडबाजूला मांडव घालून पाळीपाळीने पंगती उठविणारा शासनाला फसवितो हे त्यामानाने लहान पाप. ज्यांचे आशीर्वाद मागायचे त्यांनाच तो धोक्यात लोटतो, हे मोठे.

निफाडची एखादी मधुमेही आत्या भाचीच्या लग्नाला न येता घरी थांबते, तेव्हा ती साक्षीला मुकते असे मला वाटत नाही. दूरध्वनीच्या पडद्यावर सोहळा दिसणे हे दर्शन झाले. तिची साक्ष तिच्या थांबण्यात आहे, कारण त्या वधूवरांच्या संसाराचा आरंभ कोणाच्या मरणाने होऊ नये, यासाठी आपली हौस सोडणारी ती पहिली असते. मात्र तिला हे गृहीत धरून वगळू नये. यजमानाने तिच्या अंगणात जावे, उंबऱ्याबाहेरून नमस्कार करावा, अक्षत ठेवावी आणि येऊ नका अशी विनंती स्वतःच्या तोंडाने करावी. आणि घरातच कोणी प्राणवायूवर असेल, तर कार्य निःशंकपणे तहकूब करावे. पंचांगात पुढेही मुहूर्त आहेत.