आवरण आणि चरा (गीता ३.३८)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला ३८वा. दोन श्लोक आधी अर्जुनाने विचारलंय, की माणसाची इच्छा नसतानाही त्याला पापाकडे ढकलतं कोण? भगवंतांचं उत्तर: काम आणि क्रोध. आणि हे दोघे ज्ञानाला कसे झाकतात ते सांगायला आज तीन दृष्टांत येतात. धुराने झाकलेला अग्नी, धुळीने झाकलेला आरसा, वारेने वेढलेला गर्भ.

एकच गोष्ट सांगायला तीन दृष्टांत कशाला? कारण झाकण्याचे प्रकार वेगळे आहेत. धूर झुळकीने हटतो. आरसा पुसावा लागतो. गर्भाला मात्र हात लावायचाच नाही, दिवस भरू द्यायचे.

मला हा फरक नीट कळला तो गाडीच्या बॉनेटवर. हसू नका, सांगतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं जड पाणी असतं. गाडी धुतली आणि उन्हात तशीच वाळू दिली की पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, पांढऱ्या गोल डागांच्या रूपात. माणसं काय करतात? कोरड्या फडक्याने घासतात. फडक्यात आधीच धूळ असते, धुळीत बारीक वाळूचे कण. डाग जात नाही, वर गोल गोल बारीक ओरखडे मात्र उठतात. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात.

क्षाराला जोर लागत नाही. त्याला आंबट लागतं. गाडी सावलीत, पत्रा थंड, आधी साध्या पाण्याने धूळ काढलेली. मग पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर समसमान घेऊन, मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून डागावर मिनिटभर नुसतं ठेवायचं. आम्लात कार्बोनेट विरघळतं, शाळेत चुनखडीवर लिंबू पिळून बुडबुडे बघितले होते तेच. मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि वाळू न देता लगेच टिपून घ्यायचं. (टिपायला विसरलात तर जड पाण्याने पुन्हा तेच डाग.) बहुतेक ताजे डाग एवढ्यात जातात. जुने डाग, पक्ष्यांची विष्ठा उन्हात तापून राहिलेली, हे रंगात खड्डा करतात. तिथे व्हिनेगरचं काम संपतं.

आणि इथे श्लोकाचा दृष्टांतही थोडा थांबतो, असं मला वाटतं. धूर, धूळ, वार, तिन्ही वर आलेली आवरणं आहेत. चरा म्हणजे आवरण नाही, ती तूट आहे. तिथलं काहीतरी गेलेलं आहे.

मग पॉलिशने चरा 'जातो' म्हणजे काय होतं? हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पॉलिश चरा भरत नाही. ते आजूबाजूचा भाग झिजवून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. सगळं एका पातळीवर आलं की उजेड सरळ परततो आणि चरा दिसेनासा होतो. म्हणजे चरा मिटवायला जो शाबूत आहे त्याने खाली उतरायचं असतं!

पण उतरायलाही मर्यादा आहे. वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा. आपला केस त्याहून जाड असतो. प्रत्येक पॉलिशला त्यातला थोडा जातो आणि तो परत येत नाही. म्हणून आधी चऱ्यावरून नख फिरवून बघतात. नख अडकलं नाही तर पॉलिश करा. अडकलं तर चरा खोल आहे, तिथे घासत बसलात तर चऱ्याच्या आधी थरच संपेल. टच-अपचा रंग लावून गंज थांबवायचा आणि चरा राहू द्यायचा.

आमचे बाबा आणि काका ११ वर्षं बोलत नाहीत. गावच्या वाटणीत एका विहिरीवरून झालं. ती विहीर आता आटलीये. पाणी उडून गेलं, क्षार राहिले, तसंच. दर गणपतीत कोणीतरी शहाणा माणूस विषय काढतो, "एकदा काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे" म्हणतो, आणि थर अजून थोडा पातळ होतो. मला हल्ली वाटतं, त्यांच्यात दोन गोष्टी आहेत आणि आपण दोन्हींना एकच फडकं लावतो. न बोलणं हा वरचा क्षार आहे. पण त्या दिवशी काका आजीच्या देखत जे बोलले, तिथे नख अडकतं. ते शब्द मागे घेतले तरी बाबांसाठी ते तिथेच असणार आहेत. "आधी त्याने चूक कबूल करावी" असं बाबा म्हणतात, त्यात ते खोटे नाहीत.

येत्या महिन्यात काकांच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका आलीये, वर बाबांचं नाव काकांच्या अक्षरात. मी बाबांना विहिरीबद्दल एक शब्द बोललो नाही. एवढंच विचारलं, "पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला येणार ना?" बाबा पत्रिका उलटसुलट करत म्हणाले, "बघू." नंतर ती देवघरात गणपतीपुढे ठेवलेली दिसली. तिथेच आहे अजून.

उद्या श्लोक ३९, कधीच न भरणाऱ्या अग्नीचा.